सड्यावरून आलेले सहा आकडे

माझे यजमान गेल्यानंतरही मी त्यांच्या फोनला दर महिन्याला रिचार्ज मारत राहिले. कारण विचाराल तर मला अजून नीट सांगता येत नाही. जुना बटणांचा फोन. मी तो भिंतीतल्या देवळीत ठेवला होता आणि दर सोमवारी चार्जिंगला लावत होते. माझे दीर सोमा शेजारच्याच घरात राहतात. ते एकदा दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, गेलेल्या मान्साला कोन फोन करनार हाय?"

मी म्हटलं, "कोणी करू नये. पण केलाच, तर नंबरच बंद झालाय असं ऐकू येऊ नये."

ते पायातल्या चपला सारख्या करून निघून गेले.

त्या वेडेपणाचा पुढे मला जो उपयोग झाला तो सांगायला हे लिहिते आहे. ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा कागद पडला आहे आणि ज्यांना तो पुन्हा वाचायचं धाडस होत नाही, त्यांच्यासाठी. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगते.

कॅलेंडर

मी जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावात पंचायतीचं ग्रंथालय चालवते. दोन कपाटं, एक लांब टेबल, एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र. आमच्या उपकेंद्राची सिस्टर माझी जुनी वाचक. यजमानांना जाऊन दोन महिने झाले होते. ती पुस्तक परत करायला आली, टेबलाशी टेकली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "अक्का, तुम्ही दुःखात हाय, खरं. पन अंगाकडं लक्ष हाय न्हवं? काय दुखतंय, लागतंय?"

लागत होतं. छातीत डाव्या बाजूला, हाताला सुपारीएवढं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. माणूस गेलेल्या घरात आणखी एक दुखणं सांगायला लाज वाटते. ही चूक तुम्ही करू नका.

पंधरा दिवसांनी मी बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. सोबत जाऊ लक्ष्मी, म्हणजे सोमा भावजींची बायको. बाईंनी तो शब्द उच्चारला. त्या पुढे बोलत होत्या, पण माझं लक्ष त्यांच्या मागच्या कॅलेंडरकडे गेलं. पान मागच्याच महिन्याचं होतं. मी उठले, पान उलटलं, आणि परत येऊन बसले. बाई बघतच राहिल्या. मग हसल्या. म्हणाल्या, "छान. पुढचा महिना तुम्हीच काढलात."

लक्ष्मी मात्र मुद्द्याची. "बरी व्हतीय न्हवं बाई आमची?"

"होईल. उशीर झालेला नाही. फक्त मधे थांबायचं नाही. एक पायरी झाली की वेळेवर दुसरी."

मधे थांबायचं नाही, एवढं मी घरी आल्यावर वहीत लिहिलं. बाकी सगळं विसरले.

घरातले दोन पक्ष

आता घरातली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आजाराच्या आधीपासून चालू होती.

सोमा भावजी दिल्लीत ज्यांचं सरकार आहे त्यांचे. माझा धाकटा भाऊ बाबू बेंगळूरात ज्यांचं आहे त्यांचा. बाबूचं रस्त्याच्या वळणावर, बस थांबते तिथं, चहाचं दुकान आहे. पूर्वी दोघं एकाच बाकावर बसून भांडत आणि एकाच किटलीतला चहा पीत. बाबू त्यांना 'सोमाण्णा' म्हणे, ते त्याला 'पावणं'.

यजमान गेले छातीच्या कळेनं, दवाखान्याच्या वाटेवर. बाराव्याच्या जेवणाला पानं वाढली होती. भावजी म्हणाले, अॅम्ब्युलन्स वेळेत आली असती तर दादा वाचला असता, राज्याचा पैसा फुकट वाटण्यात जातोय मग अॅम्ब्युलन्स कुठनं येनार. बाबू म्हणाला, रस्ता बरा असता तर वाचले असते, दिल्लीचा पैसा मोठ्या शहरांच्या रस्त्यात जातोय. एकानं मोफत उपचाराच्या कार्डाचं काढलं, दुसऱ्यानं कराचं. आवाज चढले. दोघंही भरल्या पानावरून उठले. तेव्हापासून बोलणं बंद. मला सगळ्यात झोंबलं ते हे, की माझा नवरा त्या दिवशी त्यांच्या भांडणातला एक मुद्दा होऊन राहिला.

बोलणं बंद, पण वाद बंद झाला नाही. तो माझ्या ग्रंथालयात येऊन राहिला. भावजी सकाळी येत, मराठी पेपर वाचत आणि समासात पेननं लिहीत: 'फुकटचं खाऊन देश चालत नसतो.' बाबू दुपारी दुकान टाकून येई. त्याखाली लिही: 'मग फुकटच्या बसनं कोणाची बायको बेळगावला जाते?' दुसऱ्या सकाळी त्याखाली उत्तर. अर्थसंकल्पाच्या दिवसांत तर समास पुरले नाहीत. ते शब्दकोड्याच्या रिकाम्या चौकोनांत शिरले. मी नियम सांगणारा कागद लावला: 'वर्तमानपत्रावर लिहू नये.' त्या कागदावर दोघांनी आपापलं मत लिहिलं.

मला विचाराल तर मी दोन्हीकडची नव्हते. हातात कार्ड असावं आणि जवळ दवाखानाही असावा, एवढं साधं मला वाटे. पण मला कोणी विचारत नसे, आणि मीही सांगत नसे. मी हळू बोलणारी. लक्ष्मी म्हणते, "बाईंचा आवाज पुस्तकात ठेवल्यागत."

बस, खुर्ची, खोबरं

पावसाळाभर सलाइनच्या, म्हणजे केमोच्या, फेऱ्या चालल्या. दर तीन आठवड्यांनी पहाटेची बस, जोयडा, रामनगर, खानापूर, बेळगाव. राज्य सरकारच्या बसला बायकांना तिकीट नाही. लक्ष्मी कंडक्टरसमोर आधारकार्ड असं धरी, जणू पदक मिळालंय. पहिल्या फेरीला भावजी सोबत होते. त्यांनी स्वतःचं तिकीट काढलं आणि आमच्याकडे बघायचं टाळलं. लक्ष्मी म्हणाली, "अवो, तुमी फुकटाच्या विरोधात न्हवं? मग माझं बी काढा की एक."

"गप बस. दुखणेकरी हाय संगट."

"दुखणेकरी हसतीय बघा."

मी खरंच हसत होते. यजमान गेल्यानंतर पहिल्यांदा.

सलाइनच्या खोलीत ओळीनं खुर्च्या होत्या. तिथं कोणी कोणाला पक्ष विचारत नाही. विचारतात, कितवी? माझी दुसरी, तुमची? चौथी. मग चौथीवाली दुसरीवालीला सांगते की तोंड आलं की खोबऱ्याचं तेल लाव, आणि जेवणाचा वास नको झाला की थंड ताक पी. डॉक्टरांच्या फायलीत नसलेलं हे ज्ञान फार मोलाचं. भीती वाटे ती आदल्या दिवशी. सुई लागली की भीती संपे, मग नुसता कंटाळा. मी पुस्तक नेत असे, पण शब्द डोळ्यांवरून घरंगळत. शेवटी शेजारणीच मला गोष्टी सांगत आणि मी ऐके. इतकी वर्षं पुस्तकं देणारी मी, पहिल्यांदाच नुसती ऐकत बसले.

केस गेले. लक्ष्मीनं तिचं जुनं मऊ लुगडं फाडून डोईला बांधायला फडकी केली. हातांची कातडी सोलवटली, बोटं गुळगुळीत झाली. दुखत नव्हती फार, म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही. तीच चूक, दुसऱ्यांदा.

खिडकी

भातं पिवळी झाली तेव्हा ऑपरेशन ठरलं. मी आणि लक्ष्मी आदल्या दिवशीच बेळगावला जाऊन राहिलो. सकाळी कार्डाच्या खिडकीवर गेलो. खिडकीत रेणुका नावाची चुणचुणीत मुलगी. तिनं माझा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. दहाही बोटं झाली. यंत्राला माझ्या बोटांवर एक रेषा सापडेना.

"औषधानं असं होतंय अक्का. घाबरू नका. डोळ्याचं मशीन दुरुस्तीला गेलंय, नाहीतर त्यावर केलं असतं. ओटीपी मागवूया. हा नंबर तुमचाच न्हवं?"

तिनं शेवटचे चार आकडे वाचले. यजमानांचा नंबर. कार्ड काढलं तेव्हा माझ्याकडे फोनच नव्हता. आणि तो फोन होता देवळीत, तीन बसा पलीकडे.

"दुपारी दोनच्या आत मंजुरी लागतीय," रेणुका म्हणाली. "नाहीतर आजची यादी गेली. पुढची तारीख, बघा, तीन आठवडे तरी."

मधे थांबायचं नाही. वहीतली ती ओळ आठवली. पण तो फोन चालू होता. सात महिने मी त्याला जिवंत ठेवला होता.

आता आमच्या गावातली अडचण समजून घ्या. यजमानांच्या फोनला रेंज फक्त घरामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, एका सपाट दगडावर येते. ते रोज संध्याकाळी तिथंच बसत. दुसऱ्या कंपनीची रेंज आहे ती बाबूच्या दुकानाच्या वळणावर. मधे भाताच्या मळ्या. दगडावर संदेश येणार तो भावजींनी वाचायचा. मला फोन लागणार तो बाबूचा. आणि ही दोन माणसं सात महिने एकमेकांशी बोलली नव्हती.

मी बाबूला फोन लावला. सगळं सांगितलं.

तो मग म्हणाला, "म्हंजे त्यास्नी मी सांगायचं?"

"हो."

"अक्का, मी बोलनार न्हाई म्हनून देवासमोर बोललोय." तिकडे किटली आपटल्याचा आवाज आला. "खरं, हाळी घालीन. हाळी म्हंजे बोलणं न्हवं."

हे आमच्याकडचं शास्त्र आहे. पीक राखताना माणसं मळ्यांपलीकडून एकमेकांना हाळी देतात, प्रत्येक घराची वेगळी. हाळी आली की उत्तर द्यायचंच. वैर असलं तरी. पलीकडच्या माणसाला अस्वल भेटलं असेल, पाय मोडला असेल; उत्तर न देणाऱ्याच्या घरी पाणी पिऊ नये म्हणतात.

आमचा फोन जोडलेलाच होता. बाबूनं घातलेली हाळी मी बेळगावच्या खिडकीत उभी राहून ऐकली. लांबून, माशीच्या गुणगुणण्याएवढं, उत्तरही ऐकलं. भावजी मळ्यात डुकरांपासून भात राखत होते.

वेळ संपली

बाबूनं हाळीतच निरोप दिला. भावजी धावत घरी गेले, देवळीतला फोन घेऊन सड्यावर चढले. मी निघताना त्यांना चार्जिंगचं सांगायला विसरले होते. तरी तो पूर्ण भरलेला होता. मी बेळगावला असले की सोमवारी ते लावत होते, मला न सांगता.

रेणुकानं बटण दाबलं. "दहा मिनिटं हाईत."

बाबूनं फोन स्पीकरवर टाकला होता. दगडावरून भावजींचा आवाज आला, "आलाऽऽ!" आणि पहिला आकडा. बाबूनं तो मला सांगितला. दुसरा. तिसरा. मग आकडे थांबले. भावजी ओरडत होते, "मेसेज कोनाच्या योजनेचा आलाय वाचू काऽऽ? कळू दे गावाला, कोन वाचवतंय माझ्या वैनीला!"

बाबूचा पारा चढला. "निम्मा पैसा राज्याचा हायऽऽ! आनि बेळगावला गेली कुनाच्या बसनं? चालत?"

"बस फुकट देऊन तिजोरीचं बूड निघालंऽऽ!"

"बिस्किटावर कर घेतला, औषधावर कर घेतला, तुमच्या तिजोरीला बूड हाय का?"

"बाबू, आकडे!" मी म्हणत होते. पण माझा आवाज पुस्तकात ठेवल्यागत. त्याच्या कानापर्यंत तो पोचेना. सात महिन्यांचं साचलेलं मळ्यांवरून वाहत होतं. वळणावर बस येऊन थांबलेली असावी, कारण मधेच कोणीतरी 'व्हय व्हय, बरोबर हाय' म्हणालं. दोघांपैकी कोणाला, ते कळलं नाही.

रेणुकानं पडद्याकडे बघून मान हलवली. "गेला, अक्का."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. "अजून एकदा मागवता येतंय," ती म्हणाली. "त्यानंतर आज बंद."

लक्ष्मी रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला राग आला, बाराव्याच्या दिवशी यायला हवा होता तो. मी फोन तोंडासमोर धरला, आणि त्या रांगेसमोर, त्या पांढऱ्या भिंतींच्या बोळात, आमच्या घराची हाळी घातली. दोन आखूड, एक लांब. ती यजमानांची हाळी. ते गेल्यापासून आमच्या मळ्यात ती कोणी घातली नव्हती. माझ्यातून एवढा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. शिपाई वळला. एक म्हातारा खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

बाबूचा फोन स्पीकरवर होता. तिकडे एकदम शांत झालं. मग हाळीचं उत्तर आलं, जवळून बाबूचं. त्यानं ऐकलेलं त्यानं तसंच पुढं घातलं, दोन आखूड, एक लांब, आणि सड्यावरून भावजींचं उत्तर आलं. त्यांचा आवाज फाटला होता.

मी म्हटलं, "दोन्ही सरकारांचे उपकार मी फेडीन. आधी आकडे द्या."

रेणुका हसत बटणाकडे वळली. या वेळी बाबू मोठ्यानं म्हणाला, "सोमाण्णा, एकेक सांगाऽऽ. मी परतून म्हनतो, मग पुढला." सात महिन्यांनी तो सोमाण्णा म्हणाला. सड्यावरून एकेक आकडा आला, मळ्यावरून गेला, वळणावरून बेळगावला पोचला. रांगेतली माणसंही तो परत म्हणत होती. सहावा आकडा म्हणताना तर अख्खी रांग म्हणाली.

हिरवा दिवा.

नंतरचं

ऑपरेशन वेळेवर झालं. नंतरचे चार दिवस एक नळी आणि एक पिशवी घेऊन हिंडत होते. लक्ष्मी त्या पिशवीला 'बाईंची पर्स' म्हणे. मग घरी आले, आणि थोड्या दिवसांनी किरणांसाठी पुन्हा बेळगाव. तिथल्या खोलीभाड्याचा, चुलीचा, एकटेपणाचा हिशोब मी लिहीत नाही. एवढंच सांगते की हात वर जाईना तेव्हा भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. रोज बोटं भिंतीवरून चढवा. एक दिवस खूण खाली राहते.

दवाखान्यात काहीही झालं की यजमानांच्या फोनवर संदेश जाई. नंबर बदलून घ्या असं रेणुकानं चारदा सांगितलं. तुम्ही नक्की बदला, आजच बदला. मी मुद्दाम थांबले. कारण भावजी रोज संध्याकाळी सड्यावर चढत, त्या दगडावर बसून संदेश वाचत, आणि हाळी देऊन बाबूला सांगत. बाबू मला फोन करी.

"अक्का, आज अकरावं झालं म्हनं किरण. सोमाण्णा सांगत व्हते."

"मला माहीत आहे की रे. ते मलाच झालं."

"तसं न्हवं. दादांच्या फोनवर आलंय. दादास्नी कळलं, म्हनून सांगतोय."

मी फोन ठेवून बराच वेळ खिडकीत उभी राहिले. खाली भाजीवाला गाडी ढकलत होता. मला त्याच्याकडची सगळी मेथी विकत घ्यावीशी वाटली.

वर्ष

चैत्रात यजमानांचं वर्षश्राद्ध झालं. केस बोटभर आले होते. लक्ष्मीनं कणगीचे कंद उकडले, सांबारं केलं, पानं मांडली. भावजी आणि बाबू शेजारी शेजारी बसले. मी वाढत होते आणि कान तिकडे होते. भात कालवेपर्यंत शांतता टिकली.

"कार्ड दिलं खरं," बाबू म्हणाला, "पन तालुक्याला असला डॉक्टर दिला असता तर अक्काला तीन बसा कशाला लागल्या असत्या?"

"डॉक्टर द्यायचं काम राज्याचं हाय, पावणं."

"पैसा कोन अडवतंय मग?"

"आधी जेव. सांबारं गार होतंय. मग सांगतो कोन अडवतंय ते."

दोघंही जेवले. पानावरून कोणी उठलं नाही. बाबूनं तर दुसऱ्यांदा भात घेतला, भांडायला जोर लागतो म्हणून. मला वाटलं, भांडोत. माझ्या दुखण्याबद्दल दोन बाजूंनी एवढी काळजी करणारी माणसं कोणाच्या घरी असतात? आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

जेवणं झाली, बाबू दुकानाकडे गेला. मी देवळीतला फोन घेतला आणि एकटी सड्यावर चढले. वर्षात पहिल्यांदा. दम लागला, पण चांगला. दगड उन्हानं तापला होता. मी पदर अंथरून बसले. खाली मळ्या मोकळ्या, कापून झालेल्या, आणि पलीकडे वळणावर दुकानाची निळी ताडपत्री.

फोन थरथरला. दवाखान्याचा शेवटचा संदेश होता. उपचार पूर्ण झाले आहेत. आपण समाधानी आहात का? होय असल्यास एक दाबा, नाही असल्यास दोन.

प्रश्न यजमानांना विचारलेला होता. मी थोडा वेळ थांबले, त्यांना जेवढा लागला असता तेवढा. मग एक दाबलं.

मग उभी राहिले, डावा हात पूर्ण वर केला, आणि हाळी घातली. दोन आखूड, एक लांब.

खालून दोन उत्तरं आली, एक अंगणातून, एक वळणावरून. आधी कोणाचं आलं, यावर अजून वाद चालू आहे.